बापूंच्या हॉलमधला टीव्ही

जठारपेठ, अकोला
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रणालीस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू माझा फोन उचलत नाहीस, व्हिडिओ कॉल तर लागताच कापतेस. गजेंद्र माझा सख्खा लहान भाऊ, पण बायकोच्या परवानगीशिवाय तो आता ‘हॅलो’सुद्धा म्हणेनासा झालाय. म्हणून हे स्पीड पोस्टानं. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय नाही.

भाऊबीजेला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘बापूंची एवढी काळजी आहे तर न्या ना अकोल्याला, महिनाभर सांभाळून दाखवा.’ त्यावर मी म्हणाले की या घराचा उंबरठा पुन्हा चढणार नाही. तू माफी मागेपर्यंत मी त्या शब्दावर ठाम आहे. पण उंबरठा चढत नाही म्हणजे माझा बाप माझा राहिला नाही, असं समजू नकोस.

हॉलमध्ये ओएलईडी टीव्ही घेताय असं कळलं. गजेंद्रनं यांना विचारलं, यांनी मला. मी शाळेत विज्ञान शिकवते, दुकानातल्या झगमगाटाला भुलत नाही, तेव्हा नीट वाच. एलईडीत पाठीमागे दिवे असतात, त्यामुळे भर उजेडातही चित्र स्वच्छ दिसतं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. काळं अगदी काळं दिसतं हे खरं, पण एकंदर उजेड कमी. तुमचा हॉल पश्चिमेचा, दोन मोठ्या खिडक्या, आणि बापू दुपारभर खिडकीशी बसून एक डोळा रस्त्यावर नि एक डोळा टीव्हीवर ठेवतात. उन्हात त्यांना तुझ्या त्या महागड्या काचेत स्वतःचं धोतर दिसेल. शिवाय एकच चित्र फार वेळ राहिलं की ओएलईडीवर त्याचा डाग पडतो, आणि तो जात नाही. बापूंचं बातम्यांचं चॅनेल सकाळी लागतं ते झोपताना बंद होतं, हे तुला मी सांगायला हवं का?

मिनी एलईडी घ्या. हॉल बापूंचा आहे. तू त्या घरात नंतर आलीस.

कौशल्या


साईनगर, अमरावती
३ डिसेंबर २०२४

ताई,

पत्र मिळालं. सही केली. तुमचं समाधान होवो.

टीव्ही आला आणि भिंतीवर लागलासुद्धा. ओएलईडीच. तुमचं विज्ञान वाचलं, पण एक धडा तुम्ही शिकवायचा विसरलात. दुकानात जे जे एलईडी दाखवले, ते समोरून चांगले. जरा बाजूला सरकून बघितलं की रंग उडतात, हिरोचं तोंड राखेसारखं दिसतं. ओएलईडी कोणत्याही कोपऱ्यातून बघा, चित्र तेच. तुमच्याकडे सगळे वर्गात बसल्यासारखे टीव्हीसमोर रांगेत बसत असतील. आमच्याकडे कोणी कुठंही बसतं, कोणी आडवं पडतं. मला बाजूनं दिसणारा टीव्ही हवा होता, मी घेतला. उन्हासाठी जाड पडदे शिवून घेतले.

फोनचं म्हणाल तर बापूंची नवी कवळी नीट बसत नाही. बोलताना शब्द तुटतात, म्हणून ते फोनवर येत नाहीत. उगाच त्यातून रामायण रचू नका.

आणि हो, मी या घरात नंतर आले, अगदी बरोबर. पण आल्यापासून मी इथंच आहे. तुम्ही पाहुण्यासारख्या येता, घरातल्या प्रत्येक वस्तूला नाव ठेवता आणि दुपारच्या गाडीनं निघून जाता. दुरून डोंगर साजरे.

प्रणाली


जठारपेठ, अकोला
१३ डिसेंबर २०२४

प्रणालीस,

तुमच्या समोरच्या गंगूबाईंशी मी काल फोनवर बोलले. त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत देते, म्हणजे मी मीठमसाला लावला असं व्हायला नको. ‘कौशल्या, तुह्या बापाले मी लय दिवसांत पायलंच नाही वं. आधी खिडकीतून हाक मारे, आता खिडकीवर हे जाडजूड पडदे. विचारलं तर तुही भावजय म्हणते, गुडघे दुखून राहिले त्याईचे.’

म्हणजे तुझं काळं नीट काळं दिसावं म्हणून तू माझ्या बापाला अंधारात कोंडलंस! बाजार समितीत ज्या माणसाचा आवाज वखारीच्या पार टोकाला ऐकू जायचा, त्याची रस्त्यावरची नजरही तू काढून घेतलीस. गाडी आवडली म्हणून घर पाडून दार मोठं करणाऱ्यातली तू. आई असती तर तिनं ते पडदे चुलीत घातले असते. आई नाही, म्हणून तुझं फावतं.

आता ऐक. मी इथं मिनी एलईडी घेतला आहे. खिडकीसमोर आरामखुर्ची ठेवली आहे. भर दुपारी उघड्या खिडकीत मी स्वतः तपासून पाहिलं, बातम्यांची पट्टी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येते. ‘महिनाभर सांभाळून दाखवा’ म्हणाली होतीस ना? दाखवते. येत्या रविवारी गाडी पाठवते आहे. मी शब्दाची पक्की आहे, मी गाडीत नसेन. बापूंची पिशवी भरून ठेव.

कौशल्या


साईनगर, अमरावती
१७ डिसेंबर २०२४

ताई,

तुमची गाडी फाटकातूनच परत पाठवली. ड्रायव्हरला चहा दिला, बापूंना दिलं नाही.

ते येणार नाहीत. तुमचा टीव्ही चांगला असेल, खुर्चीही चांगली असेल. बापूंनी सांगितलं, ‘मी अठीच बरा हाय.’

गाडी पाठवू नका. तुम्ही स्वतः या. ती शपथ मोडा आणि या, उशीर करू नका. याहून जास्त मला काही लिहिता येत नाही.

प्रणाली


जठारपेठ, अकोला
३० डिसेंबर २०२४

प्रणालीस,

सात दिवस तुझ्या पत्राला हात लावला नाही, नाहीतर जास्त लिहिलं गेलं असतं.

बापासाठी दारात आलेली गाडी परत फिरवतेस आणि वर मला म्हणतेस, शपथ मोडा आणि या! म्हणजे मी खाली मान घालून तुझ्या दारात यावं, तू पदर खोचून उभी राहावीस, आणि सगळ्या गल्लीनं बघावं की कौशल्याबाई आपला शब्द गिळून आल्या. मला एवढं वाचता येतं. पोरांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात माझं आयुष्य गेलं, कोणी कुठं काय लपवलं ते मी ओळी न वाचताही सांगते.

संक्रांतीला येईन. आधी तुझी लेखी माफी येऊ दे. माफी आली नाही तर येणार नाही, आणि बापूंना सांग की त्यांची लेक कोणामुळे आली नाही.

कौशल्या


जठारपेठ, अकोला
२७ जानेवारी २०२५

प्रणाली,

तेरवी आटोपून मी परत आले त्याला आज आठवडा होईल. तुझ्या घरात राहिले, पण तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. आता लिहिते.

बापूंना अर्धांगवायू झाला होता. नोव्हेंबरात. माझ्या पहिल्या पत्राच्याही आधी. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, ते महिना-दोन महिने दिवाणावर पडून होते, आणि हे मला कधी कळलं? ते गेल्यावर. स्टँडवर घ्यायला आलेल्या गजेंद्रनं मान खाली घालून सांगितलं तेव्हा. तू मला कवळीची गोष्ट सांगितलीस. गंगूबाईंना गुडघ्यांची. अमरावती काय सातासमुद्रापार आहे? दोन-अडीच तासांचा रस्ता. सकाळी कळलं असतं तर दुपारच्या आत मी त्यांच्या उशाशी असते.

मी बापूंना पाहिलं ते पांढऱ्या कापडातले. एवढंच माझ्या वाट्याला ठेवलंस. 

आणि त्यावरही तुझं समाधान झालं नाही. मोठ्या फोटोची काच फुटून आली, म्हणून मी बापूंचा सत्काराचा, फेटा बांधलेला फोटो पेनड्राइव्हनं त्या टीव्हीवर लावला. पुढे दिवा ठेवला, हार घातला. बापू साक्षात बसलेत असं वाटत होतं, येणारा प्रत्येक माणूस तिथंच हात जोडत होता. आणि तू पहिल्याच संध्याकाळी रिमोट घेऊन तो बंद करायला निघालीस! बाप गेला त्या दिवशी तुला टीव्हीची पडली होती. मी तुझ्या हातातून रिमोट काढून घेतला ते बरंच केलं.

हे मी विसरणार नाही. 

कौशल्या


साईनगर, अमरावती
१० फेब्रुवारी २०२५

ताई,

आजवर मी शपथेनं बांधलेली होते. शपथ घालणारे गेले, आता सगळं लिहिते. बसून वाचा.

दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी बापूंनी माझा हात डाव्या हातानं धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. एकेक शब्द ओढून ओढून म्हणाले, ‘कौशल्याले सांगू नोको. ते धावत येईन. मले तिच्यापुढं असं लाळ गाळत पडाचं नाही. तिनं मले भाषण देतानी पायलं हाय, तिच्या डोयात मी तसाच राहू दे.’ मी म्हटलं, बापू, ताई मला फाडून खातील. तर हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, ‘खाऊ दे. तू काई कमी नाहीस.’

पडदे त्यांनीच लावायला लावले. बाजार समितीतली सगळी जुनी माणसं आमच्या खिडकीवरूनच जातात. ‘त्याईले मी असा दिसू नोको,’ म्हणाले. व्हिडिओ कॉल मी का कापत होते, ते आता वेगळं सांगत नाही.

आणि टीव्ही. तुम्हाला वाटलं मी सिनेमे पाहायला ओएलईडी घेतला. त्यांचा दिवाण संडासाजवळ हवा म्हणून उजव्या भिंतीला लावला होता. मान एकाच बाजूला वळायची. जुना टीव्ही तिथून नुसता पांढरा दिसायचा. दुकानात मी समोर उभी राहिलेच नाही. भिंतीला टेकून, मान वाकडी करून एकेक टीव्ही बघितला. दुकानातली पोरं हसत होती. तिथून ज्याच्यावर बातमीदाराचं तोंड माणसासारखं दिसलं, तो घेतला. तुमचं सगळं विज्ञान खरं होतं, फक्त खिडकीशी बसणारा माणूस उरला नव्हता.

मी तुम्हाला ‘या’ लिहिलं होतं. कारण लिहिता येत नव्हतं, म्हणून फक्त ‘या’ लिहिलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं की दुसरा झटका येऊ शकतो. नवऱ्यापासून, सासऱ्यापासून लपवून लिहिलं. तुम्हाला त्यात टोमणा दिसला आणि तुम्ही माझी माफी मागवलीत. ओळी न वाचताही सगळं सांगता म्हणे. वाचल्या असत्यात तर बरं झालं असतं.

आता राहिला फोटो. बंद करायला निघाले ते टीव्हीची पडली म्हणून नाही. एक चित्र फार वेळ राहिलं की डाग पडतो, हे मला नोव्हेंबरात तुम्हीच शिकवलंत. रात्रभर बंद ठेवू, सकाळी पुन्हा लावू, एवढंच म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाही. अधूनमधून बापूंच्या जागी समुद्राचं चित्र यायचं, टीव्ही स्वतःला वाचवायला बघत होता, तर तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन तेही बंद केलंत. उजेड पूर्ण वाढवलात. तेरवीपर्यंत दिव्यासारखा टीव्हीही अखंड तेवत ठेवलात.

पडला डाग. काळ्या चित्रात दिसत नाही, पण पडद्यावर उजेड आला की बापू येतात. फेटा स्पष्ट, मिशा स्पष्ट. क्रिकेट लावलं की मैदानाच्या मधोमध फेटा बांधून बसलेले असतात. जाहिरातीत बाई साबण लावते आणि तिच्या मागून माझा सासरा बघतो. गजेंद्र हॉलमध्ये सिगारेट ओढेनासा झाला, तेवढं एक बरं झालं. मी मालिका बघायची सोडली. कंपनीचा माणूस म्हणाला, हे वॉरंटीत बसत नाही. एक्स्चेंजला देऊन नवा घेते आहे. तुमच्या भावानं विचारलं, कोणता घ्यायचा? मी म्हटलं, अकोल्याला विचारू नका म्हणजे झालं.

प्रणाली


जठारपेठ, अकोला
१२ मार्च २०२५

प्रणाली,

तुझं पत्र आलं तेव्हापासून चार वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. 

तू मला सांगायला हवं होतंस. बापूंची शपथ मोडायला हवी होतीस. माणूस जाताना घातलेल्या शपथा पाळायच्या नसतात, हे घरातल्या बाईला कळायला हवं. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. तू दुकानात भिंतीला टेकून उभी राहिलीस, ते मी यांना वाचून दाखवलं. पुढचं मला वाचता आलं नाही, यांनी वाचलं.

तो टीव्ही एक्स्चेंजला देऊ नकोस. मला दे. माझा मिनी एलईडी अजून नवा आहे, तो तुम्ही घ्या. गाडी मी पाठवते, आणणं-नेणं माझ्याकडे. ही मेहेरबानी मागत नाही, हक्कानं मागते. नोव्हेंबरपासून मी त्यांना जिवंत पाहिलेलं नाही, आणि हा डाग मी पाडलेला आहे. तो माझ्या घरी असू दे. मी त्याच्यावर बातम्या लावीन. यांना चालेल.

नाही म्हणू नकोस.

कौशल्या


साईनगर, अमरावती
११ एप्रिल २०२५

ताई,

नाही. टीव्ही देणार नाही.

एक्स्चेंजलाही दिला नाही. दुकानाचा माणूस तपासायला आला होता. त्यानं पडदा नुसता पांढरा करून पाहिला आणि विचारलं, ‘मॅडम, हे कोण?’ मी म्हटलं, घरमालक. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुपारी काम आवरलं की मी दिवाणावर बसते आणि बातम्या लावते. मला बातम्यांतलं काही कळत नाही. बापू असताना दर वाक्याला म्हणायचे, ‘हे खोटं बोलून राहिलं.’ आता कोणी म्हणत नाही, म्हणून मीच म्हणते. मला त्यांची आठवण येते, फार येते, आणि हे तुम्हाला सांगावं लागतंय याचाही राग येतो. लाळ मी पुसली, कूस मी बदलली, भात मी भरवला. ते तुमचे वडील होते, पण ते दोन महिने ते माझे होते. त्यावर तुम्ही हक्क सांगायला आलात तर मी गाडी पुन्हा फाटकातूनच परत पाठवीन.

का देत नाही तेही सांगते, नाहीतर तुम्ही पुन्हा काहीतरी तिसरंच वाचाल. टीव्ही अकोल्याला गेला की तुम्ही इथं कशाला याल? राखी पोस्टानं पाठवाल. गजेंद्र सणासुदीला फोनवर दोन शब्द बोलेल. आणि मग एक दिवस तोही करणार नाही, तुमच्या भावाला मी तुमच्यापेक्षा चांगलं ओळखते. आई नाहीत, बापू गेले. यापुढे तुमचं माहेर म्हणजे मी. हे तुम्हालाही आवडत नाही आणि मलाही आवडत नाही, पण आहे ते असं आहे. 

तुम्ही मला कधीच आवडल्या नाहीत. तरी बापूंवरून माझ्याशी भांडेल असं या जगात तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही. गजेंद्र तर भांडतसुद्धा नाही, नुसता मान हलवतो.

अक्षय्य तृतीयेला बापूंच्या नावाची घागर भरायची आहे. लेक नसताना मी ती भरणार नाही, मग भावकीतल्या मोठ्यांनी मला काहीही म्हणू दे. माफी मी मागणार नाही आणि तुमचीही नको. गाडी किती वाजता पोचते ते कळवा, गजेंद्र स्टँडवर येईल. चार दिवसांचे कपडे आणा. आपलं भांडण एका दिवसात उरकायचं नाही.

प्रणाली